मासाक्र: पायी ओलांडता येणारी नदी

नद्यांची थोरवी सांगावयाची झाली म्हणजे त्यांची लांबी, रुंदी आणि पाण्याचा लोट यांचीच मोजमापे पुढे केली जातात. या मापाने पाहू गेल्यास कॅरिबियन समुद्रातील हिस्पानिओला बेटावरची मासाक्र नदी कोणाच्या खिजगणतीतही येऊ नये. उगमापासून मुखापर्यंत तिची लांबी अवघी ५५ किलोमीटर, म्हणजे सुमारे चौतीस मैल. उन्हाळ्यात तिच्या पात्रात कित्येक ठिकाणी गुडघाभरही पाणी नसते. स्त्रिया डोक्यावर गाठोडे घेऊन आणि मुले हसतखिदळत ती ओलांडून जातात. तरीही दोन राष्ट्रांच्या इतिहासात या लहानशा प्रवाहाला जे स्थान मिळाले आहे, ते पुष्कळ मोठ्या नद्यांच्या वाट्याला आलेले नाही. हे स्थान सर्वस्वी सुखाचे मात्र नाही, हे तिच्या नावावरूनच कळून येते. ‘मासाक्र’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ कत्तल असा आहे.

नकाशा पुढे घेतला तर क्यूबाच्या पूर्वेस हिस्पानिओला हे बेट दिसेल. आकाराने कॅरिबियन बेटांत त्याचा क्रम क्यूबाखालोखाल लागतो. या एकाच बेटावर दोन स्वतंत्र राष्ट्रे नांदतात. पश्चिमेचा सुमारे एक तृतीयांश भाग हैतीचा असून तेथील लोक क्रिओल व फ्रेंच बोलतात. उरलेला पूर्वभाग डोमिनिकन प्रजासत्ताकाचा असून तेथील भाषा स्पॅनिश आहे. या दोहोंमधील सीमारेषा उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत सुमारे ३९० किलोमीटर लांब आहे आणि तिचे उत्तर टोक ज्या नदीने आखले आहे, तीच ही मासाक्र. स्पॅनिश बोलणारे लोक तिला दाहाबोन असेही म्हणतात. तिच्या पूर्वतीरावरील गावाचे नावही तेच आहे.

नदीचा उगम बेटाच्या मध्यभागातून गेलेल्या कोर्डिलेरा सेंट्राल या पर्वतराजीच्या वायव्येकडील डोंगरांत होतो. उगमाजवळचा सारा प्रदेश डोमिनिकन हद्दीत मोडतो. डोंगरउतारावरचे ओहोळ पोटात घेत ती खाली येते, सपाटीला लागल्यावर सीमेला भिडते आणि मग उत्तरेकडे वाहू लागते. येथे तिच्या पूर्वेस दाहाबोन आणि पश्चिमेस हैतीचे वानामेंत अशी दोन गावे समोरासमोर वसलेली आहेत. पुढे सखल, दलदलीचा मुलूख लागतो. मुखापाशी डोमिनिकन बाजूस सालादिया नावाचे गोड्या पाण्याचे सरोवर असून ते पाणपक्ष्यांचे आश्रयस्थान म्हणून राखण्यात आले आहे. शेवटी मान्सानियो नावाच्या उपसागरात खारफुटीच्या झाडीमधून ही नदी अटलांटिक महासागरास मिळते.

नौका चालवाव्यात इतके पाणी तिला नाही आणि मोठे बंदर पोसावे अशी तिची ऐपतही नाही. तिचा उपयोग साध्या संसारी कामांचा आहे. दोन्ही काठांवरची माणसे तिच्यावर धुणी धुतात, गुरे पाजतात, घरात पाणी नेतात. त्याहून महत्त्वाचा उपयोग शेतीचा. बेटाचा हा वायव्य कोपरा तसा कोरडा आहे. ईशान्येकडून येणारे पावसाळी वारे डोंगरांवर आपला ओलावा टाकून येतात, त्यामुळे येथे पाटाच्या पाण्यावाचून भात पिकणे कठीण. दाहाबोनच्या बाजूची भातखाचरे, भाजीपाला आणि गुरांची कुरणे या नदीच्या पाण्यावर अवलंबून आहेत. पश्चिमेकडे, हैतीच्या हद्दीत, मारिबारू नावाचे मैदान आहे. त्याची माती चांगली असली तरी पाण्याची ओढ तिला कायमची. एकाच प्रवाहाकडे दोन्ही तीरांवरील शेतकरी आशेने पाहत असतात. हे लक्षात ठेवले म्हणजे पुढच्या अनेक गोष्टींचा उलगडा होतो.

ही नदी सीमा कशी झाली, याचे उत्तर सतराव्या शतकाच्या आरंभापर्यंत मागे जाते. त्या वेळी सारे बेट स्पेनच्या सत्तेखाली होते. परंतु उत्तर व पश्चिम किनाऱ्यांवरील रहिवासी परदेशी जहाजांशी चोरटा व्यापार करीत. तो मोडून काढण्यासाठी गव्हर्नर आन्तोनियो दे ओसोरियो याने १६०५ व १६०६ या वर्षांत तेथील वस्त्या बळाने उठवल्या आणि लोकांना पूर्वेकडे हलवले. व्यापार थांबवण्याचा हा उपाय शेवटी रोगापेक्षा भयंकर ठरला. रिकाम्या झालेल्या मुलखात मागे राहिलेली गुरे मोकाट वाढली, त्यांच्या शिकारीसाठी फ्रेंच बुकानियर आले, त्यांच्यामागून मळेवाले आले आणि शतकाच्या अखेरीपर्यंत बेटाचा पश्चिम भाग फ्रान्सच्या हाती गेला. १६९७ सालच्या रिस्विकच्या तहानंतर ही वस्तुस्थिती स्पेनने व्यवहारात मान्य केली. पण दोन वसाहतींची हद्द नेमकी कोठून जाते, हे मात्र कोणी ठरवले नव्हते. या अनिश्चित मुलखात चकमकी होत राहिल्या. १७२८ साली स्पॅनिश सैनिकांनी सुमारे तीस फ्रेंच बुकानियरांना या नदीकाठी ठार मारले आणि तेव्हापासून तिला मासाक्र हे नाव पडले, असे सांगितले जाते. अखेरीस १७७७ साली अरान्हुएसच्या तहाने सीमा निश्चित झाली. उत्तरेस मासाक्र आणि दक्षिणेस पेदेर्नालेस, अशा दोन नद्यांच्या मुखांमध्ये ती आखण्यात आली.

तह झाला, तरी नदी ओलांडली जात होती ती थांबली नाही. फ्रेंच वसाहत त्या काळी जगातील सर्वांत श्रीमंत वसाहतींपैकी एक होती. तिच्या साखरेच्या मळ्यांवर व चरकांवर अठराव्या शतकाच्या अखेरीस सुमारे पाच लाख गुलाम राबत होते. चरक ओढण्यास बैल आणि माणसांना खाण्यास मांस हवे होते. ते पूर्वेकडील स्पॅनिश कुरणांतून येई. गुरांचे कळप पूर्वेकडून पश्चिमेस नदी उतरत. उलट दिशेने, रात्रीच्या अंधारात, मळ्यांवरून पळालेले गुलाम पूर्वेस येत. स्पॅनिश हद्दीत पोहोचलेल्या अशा माणसांपैकी काहींना स्वातंत्र्य मिळे. राजधानी सान्तो दोमिंगोजवळ सान लोरेन्सो दे लोस मिनास हे गाव त्यांच्यासाठीच वसवण्यात आले. त्या माणसांच्या दृष्टीने ही गुडघाभर पाण्याची नदी म्हणजे दास्य आणि मुक्ती यांमधील सीमा होती.

पुढे १८०४ च्या जानेवारीत फ्रेंच वसाहतीतील गुलामांनी आपले स्वतंत्र राष्ट्र उभे केले आणि त्यास हैती असे नाव दिले. १८२२ ते १८४४ या काळात सारे बेट हैतीच्या सत्तेखाली होते. १८४४ साली पूर्वभागाने हैतीपासून वेगळे होऊन डोमिनिकन प्रजासत्ताकाची घोषणा केली. त्यानंतरच्या बारा वर्षांत हैतीच्या सैन्याने वारंवार पूर्वेवर चाल केली आणि दाहाबोनच्या आसपासच्या माळांवर लढाया झाल्या. डोमिनिकन शाळांतील इतिहासात या लढायांना मोठे स्थान आहे, आणि ते स्वाभाविकही आहे.

परंतु त्याच इतिहासातील दुसरे एक पान तितक्याच ठळकपणे वाचले पाहिजे. १८६१ साली डोमिनिकन राज्यकर्त्यांनी आपला देश पुन्हा स्पेनच्या स्वाधीन केला. या परवशतेविरुद्ध उठलेल्या देशभक्तांना आसरा मिळाला तो हैतीत. १८६३ च्या ऑगस्ट महिन्यात सान्तियागो रोद्रिगेस याच्या नेतृत्वाखाली मूठभर माणसे हैतीच्या बाजूने सीमा ओलांडून आली आणि १६ ऑगस्ट रोजी दाहाबोनच्या दक्षिणेस, या नदीच्या उगमप्रदेशातील कापोतियोच्या टेकडीवर त्यांनी डोमिनिकन निशाण फडकवले. तेथून पेटलेले युद्ध दोन वर्षे चालले आणि १८६५ साली स्पेनला बेट सोडावे लागले. डोमिनिकन प्रजासत्ताकात १६ ऑगस्ट हा राष्ट्रीय दिन म्हणून पाळला जातो. ज्या सीमेवर दोन्ही राष्ट्रांनी एकमेकांविरुद्ध शस्त्र धरले, त्याच सीमेवरून एकाच्या स्वातंत्र्याला दुसऱ्याचे साह्य पोहोचले.

आणखी एका राष्ट्राच्या स्वातंत्र्याची वाटही या नदीतून गेली आहे. क्यूबाचा कवी आणि क्रांतिकारक होसे मार्ती हा १८९५ साली स्पेनविरुद्धच्या उठावाची जुळवाजुळव करीत डोमिनिकन प्रजासत्ताकातील मोंतेक्रिस्ती येथे राहिला होता. मार्चच्या आरंभी तो दाहाबोनहून मासाक्र ओलांडून वानामेंतमार्गे हैतीत गेला. या प्रवासाची नोंद त्याने आपल्या रोजनिशीत केली आहे. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १९ मे रोजी, क्यूबाच्या भूमीवर लढताना त्याला मृत्यू आला.

विसाव्या शतकाच्या आरंभी नदीकाठचे जीवन कसे होते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. कारण त्यावाचून पुढच्या घटनेचा भीषणपणा लक्षात येणार नाही. सीमेलगतच्या डोमिनिकन मुलखात हैतीयन वंशाचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. त्यांतील पुष्कळांचा जन्मही तेथलाच. घर एका काठावर तर गुरे दुसऱ्या काठावर, अशी स्थिती सर्रास आढळे. दाहाबोनची काही मुले नदी ओलांडून वानामेंतच्या शाळेत जात. बाजार एक, नातीगोती मिसळलेली आणि बहुतेकांना दोन्ही भाषा येत. राजधानीत बसलेल्यांच्या नकाशावर जी रेषा होती, ती या लोकांच्या दिनचर्येत जवळजवळ नव्हती.

दोन्ही सरकारांनी १९२९ साली सीमेचा वाद मिटवणारे करार केले. त्यांपैकी फेब्रुवारीतील शांतता, मैत्री आणि लवाद यांविषयीच्या कराराचे दहावे कलम नद्यांसंबंधी आहे. सीमेवरच्या वा सीमा ओलांडणाऱ्या नद्यांचा नैसर्गिक प्रवाह बदलेल किंवा त्यांच्या झऱ्यांचे पाणी घटेल असे काम कोणत्याही पक्षाने करू नये, असे त्यात सांगितले आहे. मात्र आपापल्या हद्दीत शेतीसाठी व उद्योगासाठी या पाण्याचा न्याय्य व समान वापर करण्याचा दोघांचाही हक्क त्याच कलमात राखून ठेवला आहे. या कलमाकडे पुढे पुन्हा वळावे लागेल. १९३६ साली सीमारेषेवर अखेरचे शिक्कामोर्तबही झाले. कागदावर सर्व काही सुरळीत होते.

त्यानंतर जेमतेम दीड वर्षाने, १९३७ च्या ऑक्टोबरात, नदीच्या काठी जे घडले त्याने तिचे जुने नाव कायमचे काळवंडले. डोमिनिकन हुकूमशहा राफाएल त्रुहियो हा सीमाभागाच्या दौऱ्यावर आला होता. हैतीयन लोक गुरे चोरतात अशा तक्रारींचे निमित्त पुढे करून २ ऑक्टोबर रोजी दाहाबोन येथील भाषणात त्याने चालू असलेल्या कत्तलीची उघड वाच्यता केली. पुढील काही दिवस सैनिकांनी वाड्यावस्त्यांतून हैतीयन माणसांना वेचून ठार मारले. गोळ्यांऐवजी बहुधा कोयते वापरण्यात आले. ही सैन्याची करणी नसून चिडलेल्या शेतकऱ्यांचा उठाव आहे असे भासवता यावे, हा त्यामागील हेतू. आरंभी काही लोकांना नदीपार पळून जाता आले. परंतु ५ ऑक्टोबरला सीमा बंद झाली आणि मग काठापर्यंत पोहोचलेली कुटुंबे पाण्यातच गाठली गेली. मृतांची खात्रीशीर गणना कधीच झाली नाही. अभ्यासकांचे अंदाज काही हजारांपासून वीस हजारांच्याही पुढे जातात.

या हत्याकांडाशी एका भाजीचे नाव जोडले गेले आहे. कोथिंबिरीसारख्या दिसणाऱ्या पार्सलीला स्पॅनिश भाषेत ‘पेरेहिल’ म्हणतात. संशयित माणसापुढे तिची जुडी धरून सैनिक तिचे नाव विचारीत आणि ज्याच्या तोंडी स्पॅनिश ‘र’ नीट उमटला नाही त्याला हैतीयन ठरवून मारीत, असे सांगतात. क्रिओल भाषेतील ‘र’ कंठातून निघतो, त्यामुळे ही परीक्षा अवघड होती यात शंका नाही. तथापि सर्वच ठिकाणी ती घेतली गेली असे इतिहासकार मानत नाहीत, कारण नदीकाठच्या बहुसंख्य लोकांना दोन्ही भाषा अवगत होत्या. शेजारी शेजाऱ्याला ओळखत होता. उच्चारावरून पारख करण्याची गरज बाहेरून आलेल्या शिपायाला पडली असेल. गावकऱ्याला ती नव्हती. काही डोमिनिकन कुटुंबांनी आपल्या शेजाऱ्यांना लपवून वाचवले, तर काहींनी सैनिकांना घरे दाखवून दिली.

आंतरराष्ट्रीय दडपणामुळे १९३८ च्या जानेवारीत त्रुहियोच्या सरकारने साडेसात लाख डॉलर भरपाई देण्याचे कबूल केले. पुढे ही रक्कम सव्वापाच लाखांवर आली आणि वाचलेल्या माणसांच्या हाती त्यांतले फारच थोडे पडले. अपराधाबद्दल कोणासही खरीखुरी शिक्षा झाली नाही. हत्याकांडानंतर सीमाभागात लष्करी ठाणी व नव्या वसाहती उभ्या राहिल्या, शाळांतून हैतीविषयी तिरस्कार शिकवला जाऊ लागला आणि दिनचर्येत नसलेली ती रेषा लोकांच्या मनात खोल उतरली.

घडलेली गोष्ट लिहून ठेवणारा एक डोमिनिकन माणूस त्या वेळी सीमेवर होता. फ्रेदी प्रेस्तोल कास्तियो हा तरुण वकील न्यायखात्याच्या कामावर तेथे नेमला गेला होता. त्याने केलेले लिखाण अनेक वर्षे लपवून ठेवावे लागले. १९६१ साली त्रुहियोचा वध झाला, आणि त्यानंतरही बारा वर्षांनी, १९७३ मध्ये, ते पुस्तकरूपाने बाहेर आले. ‘मासाक्र नदी पायीच ओलांडतात’ अशा अर्थाचे नाव त्याने पुस्तकास दिले. त्याआधी १९५५ साली हैतीचा कादंबरीकार झाक स्तेफान आलेक्सी याने आणि नंतर १९९८ साली हैतीत जन्मलेली लेखिका एडविज दांतिका हिने याच विषयावर कादंबऱ्या लिहिल्या. सरकारांनी जे दडवले, ते अशा रीतीने साहित्याने जतन केले.

इतके झाल्यावरही नदीकाठची माणसे एकमेकांपासून कायमची दुरावली नाहीत, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस दाहाबोन येथे सोमवारी आणि शुक्रवारी मोठा बाजार भरू लागला. पहाटे पुलाची दारे उघडली की वानामेंतकडून माणसांचा लोंढा येई. कोणी हातगाड्या ढकलीत, कोणी डोक्यावर ओझी घेऊन. गर्दी फार झाली तर पुलाचा नाद सोडून कित्येकजण सरळ पाण्यात उतरत. पूर्वेकडून तांदूळ, पीठ, अंडी, केळी, तेल ही जिन्नस पश्चिमेस जात. पश्चिमेकडून जुने कपडे, पादत्राणे, लसूण अशा वस्तू येत. या व्यापारावर दोन्ही काठांवरील हजारो घरांची चूल पेटत आली आहे, आणि त्यात विक्रेत्या स्त्रियांचा वाटा मोठा आहे. २००३ साली वानामेंतच्या बाजूस, नदीलगत, कपडे शिवण्याच्या कारखान्यांची वसाहत उभी राहिली. तीही दोन्ही देशांच्या सहकार्यावर चालते.

अलीकडचा तंटा पाण्यावरून झाला. मारिबारूच्या मैदानात पाणी नेण्यासाठी हैतीच्या सरकारने एक कालवा खणण्यास घेतला होता. २०२१ च्या मे महिन्यात दोन्ही देशांच्या प्रतिनिधींनी या प्रश्नावर संयुक्त निवेदनही काढले. परंतु त्याच वर्षी ७ जुलै रोजी हैतीचे अध्यक्ष जोव्हनेल मोईझ यांची हत्या झाली आणि काम बंद पडले. २०२३ च्या ऑगस्टअखेरीस स्थानिक शेतकऱ्यांनी आणि नागरिकांनी ते स्वतःच पुन्हा हाती घेतले. देशोदेशी राहणाऱ्या हैतीयन लोकांनी पैसे पाठवले, कोणी सिमेंट दिले, कोणी अन्न शिजवून आणले. सरकार कोलमडलेल्या देशात एका कालव्याने लोकांना एकत्र आणले आणि ‘कालवा थांबणार नाही’ ही त्यांची घोषणा झाली.

डोमिनिकन सरकारचे म्हणणे असे की, या कालव्यामुळे प्रवाह वळेल, आपल्या शेतकऱ्यांचे पाणी तुटेल आणि सालादिया सरोवराच्या पाणथळीस धोका पोहोचेल. हैतीयन पक्षाचे उत्तर असे की, पूर्वकाठावरून कितीतरी पाट आधीपासून पाणी उचलीत आहेत आणि आपण मागतो तो कराराने दिलेला वाटाच आहे. दोघेही १९२९ च्या त्याच दहाव्या कलमावर बोट ठेवीत होते. एकाने प्रवाह न बदलण्याचे पूर्वार्धातील वचन पुढे केले, दुसऱ्याने समान वापराचा उत्तरार्धातील हक्क. १५ सप्टेंबर २०२३ रोजी डोमिनिकन अध्यक्ष लुईस आबिनादेर यांनी जमीन, समुद्र आणि आकाश या तिन्ही मार्गांनी सीमा बंद केली, तसेच आपल्या बाजूचा ला व्हिहिया कालवा पुन्हा कार्यान्वित करण्याचे ठरवले. बाजार ओस पडला. दाहाबोनच्या व्यापाऱ्यांची अंडी व केळी नासू लागली आणि वानामेंतमध्ये धान्य महाग झाले. ऑक्टोबरात डोमिनिकन सरकारने व्यापारापुरती दारे पुन्हा उघडली. कालव्याचे काम मात्र थांबले नाही.

या तंट्यात कोणाची बाजू किती खरी, याचा निवाडा प्रवाहाचे प्रामाणिक मोजमाप आणि दोन्ही पक्षांची एकत्र बैठक यांवाचून होणार नाही. एवढे मात्र इतिहास स्पष्टपणे दाखवतो की, ही नदी स्वतः होऊन कोणाच्या वाटेत कधी आडवी आली नाही. गुराख्यांना, पळालेल्या गुलामांना, कापोतियोच्या देशभक्तांना, मार्तीला आणि बाजारकरणींना तिने सारखीच वाट दिली. जेव्हा जेव्हा ती दुस्तर झाली, तेव्हा काठावर हत्यार घेऊन वा हुकूम घेऊन कोणीतरी उभे होते. १९२९ चा करार करणाऱ्यांनी पाण्याची वाटणी कागदावर लिहिली खरी, पण ज्यांच्या जगण्याशी ते पाणी निगडित होते त्या माणसांच्या रक्षणाचा शब्द त्यात नव्हता. आठ वर्षांतच त्या उणिवेची किंमत या माणसांना द्यावी लागली.

हत्याकांडाला पंचाहत्तर वर्षे झाली त्या २०१२ साली ऑक्टोबर महिन्यात दोन्ही देशांतील आणि परदेशांतील काही मंडळी नदीच्या दोन्ही काठांवर मेणबत्त्या घेऊन जमली. मृतांचे स्मरण आणि शेजाऱ्यांचा सलोखा हा तिचा उद्देश होता. त्या रात्री सीमेचे दार बंद होते, त्यामुळे एका काठावरच्या लोकांना दुसऱ्या काठावर जाता आले नाही. दोन्ही बाजूंचे दिवे मात्र एकमेकांना दिसत होते. मासाक्रचे पात्र तेवढेच अरुंद आहे.